इफ्ताहची मुलगी

पनवेल, जानेवारी २०११

प्रिय मोझेसदादा,

तुझ्या कॅलेंडरचा तीव्र निषेध. त्यात शुक्रवारी शब्बाथ लागायची वेळ तुझ्या अश्दोदची छापली आहे, त्यामुळे पनवेलचा सूर्य यंदा वर्षभर चुकीच्या वेळी मावळणार.

असो. हे पत्र धाडायचं नाही, म्हणून खरं लिहिते. इस्रायलला जाताना सिनेगॉगमधला मुलांचा बायबलचा वर्ग माझ्या गळ्यात घालून तू बजावलंस, "इफ्ताहचं पान वगळ, मुलं घाबरतात." मी पंधरा वर्षं वगळलं. घाबरत होते मीच.

काल शिकवलं. लढाई जिंकलो तर घरातून पहिलं जे सामोरं येईल ते देवाला बळी देईन, असा नवस इफ्ताह बोलला आणि समोर आली डफ वाजवत त्याची लेक.

छोट्या दानानं विचारलं, "टीचर, तिला आधी विचारलं का नाही?"

नोम म्हणाला, "विचारलं असतं तर नाही म्हणाली असती ना, येडे!"

मी पुस्तक मिटलं. माझे व्हिसाचे कागद तयार असताना "अबी तुझ्यापाशी राहील" असं तू आईला परस्पर सांगितलंस. मला कळलं ते तुला पोचवायला विमानतळावर आल्यावर.

शेवटी मुलांना म्हटलं, "देवानं मुलगी मागितली नव्हती. चूक बापाची."

तिकडे नोकरी लागली की मलिदा करीन, हा तुझा नवस राहिला होता. आज पोहे, गूळ, खोबरं कालवून मुलांना वाटला. कुणाचा नवस, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "खा."

मागे ठेवलेली,
अबीगेल