ओहोटी नसलेलं पाणी

आये,

आज माझ्याकडे थोडा रिकामा वेळ आहे. कोपरीच्या खाडीवर, आपली होडी लागायची तिथल्याच कट्ट्यावर बसले आहे. मांडीवर पिशवी आहे, आणि कशाची वाट बघते आहे ते शेवटी सांगते. नुसतं बसवत नाही, हा तुझाच गुण माझ्यात आला. तू अशा वेळी जाळं दुरुस्त करायचीस, नाहीतर शेजारणीशी भांडण काढायचीस. मला दोन्ही नीट जमत नाही म्हणून लिहायला घेतलं. तुला वाचता येत नव्हतं आणि तू जाऊनही आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे शुद्धलेखनाची काळजी नाही.

मला ते वॉटर पार्क आठवतं आहे. पहिलं नव्हे, दुसरं. पहिल्याला तू कोळीवाड्यातल्या महिला मंडळाबरोबर गेलेलीस. ते समुद्राच्या बाजूला होतं, खाडी ओलांडून होडीनं जावं लागायचं. तिथून आल्यावर तू अशा थाटात बोलायला लागलीस की जणू ते पार्क तूच बांधलं असावं. घसरगुंडीवरून कसं बसून यायचं, कुठल्या पाण्याचा वास येतो, चहा कुठं पाणचट मिळतो, सगळं तुला ठाऊक. मासे विकताना गिऱ्हाइकाला कापऱ्या तोलून देतादेता तू पार्कची माहितीही द्यायचीस. त्यामुळे कल्याणच्या पुढं टिटवाळ्याच्या बाजूला नवीन पार्क निघालं आणि तिथं जायचं ठरलं, तेव्हा तुझा पहिला प्रश्न होता की तिथं होडी कुठून सुटते. होडी नाही, बस जाते, आजूबाजूला भातशेती आहे, असं मी सांगितलं. समुद्र नाही तिथं लाटांचा कारखाना काढणाऱ्या माणसांवर तुझा तेव्हापासूनच विश्वास नव्हता.

आपण तिथं मजा करायला जाणार नव्हतो, आणि हे तुलाही माहीत होतं. माझं लग्न अडलं होतं. मुलगा माझ्याच ऑफिसातला, राहणारा डोंबिवलीचा, घर मूळचं साताऱ्याकडचं. घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ, मासळी तर सोडाच, अंड्याचं नावही कुणी काढत नसे. आणि इकडे तू, जिच्या हाताचा वास सोमवारीसुद्धा जात नव्हता. त्यांच्या घरी भेट ठेवली तर तू सवयीनं सुकट बांधून नेशील, आपल्या घरी ठेवली तर त्यांना पाण्याचा घोटही उतरणार नाही, असा विचार करून त्यानं डोकं लढवलं आणि दोघांनाही परकी अशी जागा शोधली. कुणा मित्राकडून पास मिळवले. लग्न ठरवायला लोक देवळात भेटतात, बागेत भेटतात. आम्ही तुम्हाला लाटांच्या टाकीवर भेटवणार होतो. आम्ही तेव्हा तरुण होतो आणि आम्हाला ही कल्पना फार हुशारीची वाटत होती.

माझी सगळी भीती त्यांच्याबद्दल होती. ते नाही म्हणतील, हेच मी धरून चालले होते. तू नाही म्हणशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि खरं म्हणजे यायला हवं होतं. कारण तुझी पद्धत मला लहानपणापासून माहीत होती. नवीन काही घरात यायचं असेल, होडीचं इंजिन असो की भाडेकरू, तू आधी खाडीला नारळ द्यायचीस आणि उभी राहून बघायचीस. नारळ पाण्याबरोबर गेला की खाडीनं घेतला. काठाला परत आला की नको म्हणाली. उरणकडचं ते स्थळ आठवतं? बंदरात नोकरी, दोन मजली घर, मुलगा बोलताना सारखा आपल्याच मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. तू सकाळीच नारळ आणून ठेवलास, पण टाकायला गेलीस थेट संध्याकाळी. मला वाटलं ऊन उतरायची वाट बघतेस. नारळ टाकलास आणि तो सरळ तुझ्या पायाशी आला. तू त्यांना निरोप धाडलास की आमची खाडी नाही म्हणते. ते लोक तरी काय बोलणार? खाडीशी कोण वाद घालतो?

तर त्या दिवशी पार्कच्या फाटकावर आपली झडती झाली. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, असा नियम. तुझ्या पिशवीतून तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि तळलेले बोंबील निघाले. त्याच्या आईच्या पिशवीतून दशम्या आणि बटाट्याची भाजी निघाली. रखवालदारानं दोन्ही पिशव्या एकाच खणात शेजारीशेजारी कोंबल्या आणि पितळी बिल्ला दिला. त्या माउलीनं खणाकडे असं पाहिलं की जणू लेकरू सावत्र घरी सोडून चालली आहे. शेवटी तुझ्या पिशवीत नारळ उरला, शेंडीवाला, हळदकुंकू लावलेला, वर लाल दोरा गुंडाळलेला. तोही काढायला सांगितला, तेव्हा तू त्याला म्हणालीस, "यो खावाचा नाय, देवाचा हाय." त्यानं नारळ कपाळाला लावला आणि परत तुझ्या हातात दिला.

मग लुगड्यावरून झालं. पाण्यात साडी चालत नाही, भाड्यानं नायलॉनचे कपडे घ्या, असं आतल्या बाईनं सांगितलं. तुझं म्हणणं असं की तुझं लुगडं गुडघ्यापर्यंतच असतं, आणि चिखलात कमरेएवढं उभं राहूनही ते कधी सुटलं नाही. त्या बाईनं ते नीट न्याहाळलं आणि गुडघाभर पाण्यापर्यंत परवानगी दिली. त्याचे वडील मात्र नियमाचे पक्के. प्रत्येक पाटी ते थांबून मोठ्यानं वाचायचे. पाण्यात धावू नये. पाण्यात ढकलू नये. पाण्यात वस्तू टाकू नयेत. पाटीत लिहिलं आहे म्हणून त्यांनी भाड्याचे कपडे घेतले, आणि आयुष्यभर धोतर नाहीतर पँट घातलेला तो माणूस निळ्या ढगळ शर्टात आणि आखूड चड्डीत, गळ्यात तुळशीची माळ, असा बाहेर आला तेव्हा तू तोंडाला पदर लावलास. पाण्याची त्यांना भीती होती. गावाकडच्या कालव्यापलीकडे ते कधी उतरले नव्हते. ते काठावरच्या दांड्याला धरून उभे राहिले, आणि तू त्यांना पहिल्या पार्कची माहिती देत राहिलीस.

लाटांच्या टाकीपाशी गेल्यावर तू शिट्टीवाल्या पोराला विचारलंस, "ओहोटी कदी असते रं इथं?" ते पोर हसलं. म्हणालं, मावशी, इथं ओहोटी नसते, भोंगा वाजला की लाटा, परत वाजला की बंद. तू त्याला पुन्हा विचारलंस. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मी तुला ओढून बाजूला नेलं, कारण त्याची आई ऐकत होती आणि मला लाज वाटत होती. तुझा चेहरा पडला होता, तो उन्हानं पडला असं मी समजले.

मग भोंगा वाजला, लोक ओरडत पाण्यात शिरले आणि तू नारळ टाकलास. पहिल्या पार्कच्या वेळी तू नारळ होडीतून वाटेवरच्या खाडीला दिला होतास, तो गेला निघून. इथं तो कुठं जाणार? सिमेंटची टाकी, तीन बाजूंना भिंती आणि एका बाजूला आपण. चार लाटा खाऊन तो डुलतडुलत तुझ्या पायाशी आला. तू उचलून जोर लावून लांब फेकलास. तो एका जाड्या गृहस्थाच्या पाठीवर आपटला, त्यांनी मागं वळून बायकोला जाब विचारला, आणि नारळ परत तुझ्याकडे. शिट्टीवाला शिट्ट्या मारत होता. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "नाय जमाचा गो. परत आयला."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा पायाखालची लादी सरकली. अगं ही टाकी आहे, मी म्हटलं, याला जायला वाटच नाही, तू भिंतीला विचारते आहेस. तू म्हणालीस, "पानी तं पानीच." आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, आये. मला तुझा इतका राग आला होता की ते मी बघून न बघितल्यासारखं केलं. ज्यांच्या नकाराची मी महिनाभर धास्ती घेतली, ती माणसं तिथं भाड्याच्या चड्डीत उभी होती, आणि माझं लग्न एक नारळ मोडत होता.

त्याच्या वडिलांनी मुलाला विचारलं की काय झालं. त्यानं खालच्या आवाजात सगळं सांगितलं. मला वाटलं आता हे हसतील, नाहीतर पाटी वाचून दाखवतील. ते दोन्ही न करता तुझ्यापाशी आले आणि म्हणाले, "बाई, आमच्याकडं तीनदा विचारायची पद्धत आहे. आणखी एकदा टाका. टाकलं की डोळे मिटून हात जोडायचे, आणि मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत." अशी कुठलीही पद्धत साताऱ्याकडे नाही, हे मला पुढं सासूबाईंनी सांगितलं. तू तिसऱ्यांदा टाकलास आणि डोळे मिटलेस. त्यांनी दांडा सोडला. पहिल्यांदाच सोडला. छातीएवढ्या पाण्यात दोन लाटा तोंडावर घेत, खोकत, ते नारळापर्यंत गेले. तो घेऊन कुठं जायचं हा प्रश्नच होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो सरळ शर्टाच्या आत घातला. मग पोटाशी दोन्ही हात धरून, वाकून, ते हळूहळू बाहेर आले. शिट्टीवाल्यानं विचारलं, काका, पोटात दुखतंय का? सासूबाई घाबरून टॉवेल घेऊन धावल्या. ते बाकावर बसले, मांडीवर टॉवेल घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, उघडा आता.

तू डोळे उघडलेस. पाणी मोकळं होतं. तू टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलंस आणि म्हणालीस, "घेतलान." मग परवानगी गुडघ्यापर्यंतची असताना तू कमरेपर्यंत आत गेलीस, आणि खाडीत जन्मलेल्या तुला त्या खोट्या लाटेनं उताणी पाडलं. बुचडा सुटला, त्यातली फुलांची वेणी वाहत गेली, आणि तू हसत होतीस. तुला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. निघताना फाटकाबाहेरच्या आंब्याखाली सगळे जेवायला बसलो. दिवसभर बोंबलांच्या शेजारी राहून दशम्यांना जो वास लागायचा तो लागला होता. सासऱ्यांनी दशमी नाकाशी नेली, क्षणभर थांबले, आणि खाल्ली. शर्ट परत करताना त्यांनी नारळ कसा लपवला ते मी विचारलं नाही.

लग्नानंतर तो मला डोंबिवलीच्या घरात देवाऱ्यामागं सापडला, वाळलेला, हलवला की खुळखुळणारा, लाल दोऱ्यासकट. सासरे म्हणाले, राहू दे, तो फोडायचा नाही. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा देवाला नमस्कार करायला वाकलीस आणि तशीच थांबलीस. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात कपबशी. सासरे भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचायला लागले. तू देवाऱ्यातलं कुंकू बोटावर घेतलंस, त्या नारळाला लावलंस, बाहेर येऊन बसलीस आणि चहाचा घोट घेऊन मला म्हणालीस, "चायत साखर कमी हाय." पुढं तुम्ही दोघंही त्याविषयी एक अक्षर कधी बोलला नाहीत.

इतकी वर्षं मी समजत होते की त्या दिवशी तू नाही म्हणायला निघाली होतीस आणि सासऱ्यांनी तुला फसवून हो म्हणायला लावलं. हा किस्सा मी लग्नकार्यांत सांगून लोकांना हसवलंही. पण काल माझ्या लेकीनं लग्नासाठी तिनंच पसंत केलेला मुलगा घरी आणला. तुला आवडला असता. बोलताना समोरच्याकडे बघतो, आणि ताटातलं काही टाकत नाही. तो गेल्यावर मी उगाच अस्वस्थ झाले, आणि आज सकाळी नारळ घेऊन इथं आले. आले तेव्हा भरती होती. टाकायला हात उचलला आणि मनात आलं, आत्ता टाकला तर परत येईल. तेव्हा मला उरणकडच्या स्थळाची ती संध्याकाळ कळली. खाडीचं पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं हे तुला झोपेतही ठाऊक असायचं. खाडीनं कधीच काही ठरवलं नव्हतं, आये. तू आधी ठरवायचीस आणि मग वेळ निवडायचीस. आणि त्या टाकीवर तू त्या पोराला भरती विचारली नव्हतीस. ओहोटी विचारली होतीस, दोनदा. तू घरूनच हो ठरवून आली होतीस आणि ते पाणी तुला ते बोलू देत नव्हतं. मी तुला लाजून बाजूला ओढत होते.

म्हणून ही पिशवी अजून मांडीवर आहे. समोरच्या होडीवाल्याला मी ओहोटीची वेळ विचारून घेतली. तो हसला नाही, त्यानं नीट सांगितलं. खुंटावरची ओली रेघ आता पाण्याच्या वर दिसायला लागली आहे. हे कागद पाण्यात वगैरे सोडणार नाही, घडी करून पर्समध्ये ठेवते आणि उठते. लेकीला सांगेन की खाडीनं घेतला. वेळ बघून टाकला, हे तेवढं तुलाच सांगते आहे.