न बघता दिलेला पास

बिशान, सिंगापूर
९ मार्च २००६

दादा,

सत्तावीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात फुटबॉलच्या फायनलला मी न बघताच मागे पास दिला. गोलकीपर तू, आणि तू गोल सोडून पुढे आला होतास. चेंडू आपल्याच जाळ्यात गेला, आपल्या तालमीचा संघ हरला. तू मला एका शब्दानंही बोलला नाहीस. चार शिव्या घातल्या असत्यास, तर मी जहाजावर पळालो नसतो.

आमचा चीफ इंजिनिअर मिर्चा रोमानियाचा. त्याचे आजोबा ऐंशी वर्षांपूर्वी देशाकडून माझ्यासारखेच बॅक, बचावफळीत, खेळायचे. पहिल्याच सामन्यात त्यांनीही चेंडू आपल्याच गोलमध्ये घातला. काल हॉकर सेंटरमध्ये जेवताना मी विचारलं, "मग काय केलं त्यांनी?"

त्याला प्रश्नच कळेना. "काय करणार? सोमवारी प्रॅक्टिसला गेले. पुढं अकरा सामने खेळले."

दादा, माझा तो सोमवार अजून राहिलाय.

शुक्रवारचं विमान आहे. माझी बायको मीनल म्हणते, "भावजींना आधी कळवा तरी." पण हे पत्र मी टाकणार नाही. समोर येऊनच बोलेन. आणि या वेळी आधी मान वर करून तुझ्याकडे बघेन.

तुझा बॅक,
गोपी