रेघ राखून

प्रिय बाबा,

हे पत्र काकांच्या हाती देतेय. फोनवर विचारलं असतं, तर तुम्ही नेहमीसारखं "मस्त, एकदम मस्त" म्हणून फोन आईकडे दिला असतात, आणि आईने "इंजिनीअरीणबाई, जेवलात का?" म्हणत विषय बदलला असता.

मी बरी आहे, पण दोन दिवस झोप धड नाही. वर्कशॉपमधल्या माझ्या टेबलावर नऊ कात्र्या ओळीने ठेवल्यात. तुमच्यासाठी केली तशाच: तळहाताला पट्टा, आणि दाब सोडला की स्प्रिंगने आपोआप उघडणारी पाती. सोमवारी उपचार केंद्रात त्या नऊ जणांना द्यायच्या आहेत. त्यांच्यात एक केस कापणारी बाई आहे. तिच्या तळहाताला, बोटांना स्पर्श कळत नाही. मला म्हणाली, "तुझ्या बाबांना जमलं ना? मग मी तर त्यांच्यापेक्षा तरुण आहे." सगळे हसले, मीही हसले.

तुम्ही आजारातून उठलात आणि उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली, तेव्हा आईने शिवणाच्या दुकानातल्या तुमच्या मोठ्या कात्रीवर फडकं टाकलं. घरातली पहिली पदवी येणार म्हणून तुम्ही गल्लीभर सांगत फिरता; मला वाटलं, त्या शिक्षणाचा पहिला उपयोग तुमच्या हाताला व्हावा. म्हणून ही कात्री केली. तिने तुम्ही चाचणीचे सहा तुकडे कापून पाठवलेत, तेव्हा मी ते नाचवतच प्रोजेक्टच्या मॅडमकडे नेले. त्यांनी कडा निरखून पाहिल्या, "सरळ कापलंय" म्हणाल्या आणि चाचणीच्या कागदावर सही केली.

परवा ते तुकडे सहज पुन्हा हातात घेतले. एकाही कडेला खडूची रेघ शिल्लक नव्हती.

बाबा, सात वर्षांची असताना मी पहिल्यांदा कापड कापलं आणि रेघ खाल्ली, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "बॉबिन, रेघ राखून काप. रेघ गेली की माप गेलं." तुम्ही कधी रेघ खाल्लेली मी पाहिली नाही. आई मात्र नेमकी रेघेवरून कापते, आणि तुम्ही तिला त्यावरून आजवर चिडवत आलात.

तिला रागावू नका. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्हीच तिला कापायला सांगितलं असणार, एवढं कळतं मला. पण कात्रीबद्दलच्या तुमच्या त्या एका "मस्त"वर मी नऊ कात्र्या बनवून बसलेय. पट्टा काचला तर तुम्हाला दुखेल, तुम्ही हात काढून घ्याल. त्या बाईला रक्त दिसेपर्यंत कळणार नाही.

उद्या मॅडमना खरं सांगणार आहे. त्यांनी सही मागे घेतली तर माझं वर्ष जाईल. भीती वाटते, पण जाऊ दे.

काका रविवारी परततील. त्यांच्याबरोबर एकच तुकडा द्या, माझ्या कात्रीने तुम्ही स्वतः कापलेला. आईला तेवढा वेळ बाहेर बसवा. वाकडा चालेल, रेघ खाल्लेला चालेल, अर्धवटही चालेल. फक्त जिथे हात थांबला, तिथे खडूने खूण करा. मला तिथून सुरुवात करायची आहे.

तुमचीच,
बॉबिन