रुळांवरचं कुंकू

अहो,

मयूरेश न जेवता पुण्याची बस धरायला ठक्कर बाजार स्टँडवर गेलाय. मी त्याला परत आणायला निघालेय. त्याने बसवलेल्या नव्या कंट्रोलरनेच तुमची टेबलावरची छोटी रेल्वे बंद पडली, असं पाहुण्यांदेखत ओरडलात पोरावर.

गाडी बोगद्याच्या तोंडाशी अडते ना? तिथे रुळांवर ओलं हळदकुंकू वाळून थर बसलाय, करंट जाणार कसा? खंडेनवमीची पूजा तुम्हीच केलीत, तीही हौसेने.

कंट्रोलरला हात लावू नका. रूळ स्पिरिटने पुसा.

‘चुकलो’ म्हणणं तुमच्याच्याने व्हायचं नाही. निदान आम्ही परत येईपर्यंत गाडी चालू ठेवा. तिचा आवाज जिन्यापर्यंत येतो.

उत्तरा