हाकेआधीची ओ

१८ जुलै १९७२

नोकरी लागली, आणि तीही अशी की सांगताना मलाच हसू येतं. आकाशाला हाका मारायच्या आणि पगार सरकारचा! अकोल्याहून पूर्णेच्या गाडीनं जऊळक्याला उतरलो तर चौकीदार रामसिंग बैलगाडी घेऊन हजर. वाटेत त्यानं माझं शिक्षण, गाव, बायको आणि ती बरोबर का नाही, एवढं सगळं काढून घेतलं. माळावर दोन उंच खांब, मधे तारा, खाली यंत्राची खोली आणि बाजूला दोन क्वार्टर. एकात रामसिंग आणि त्याची बायको कस्तुराबाई, दुसऱ्यात मी. लग्नाला वर्ष होत आलं, पण गंगूनं आणि मी अजून स्वतःच्या चुलीवर चहा करून प्यायलेला नाही. पुढल्या महिन्यात तिला घेऊन येईन.

२२ जुलै

यंत्र लावायला पुण्याहून आलेल्या साहेबांनी परतण्याआधी काम नीट समजावून दिलं. यंत्र रेडिओच्या लहरी सरळ वर सोडतं. फार उंचावर हवेचा एक विजेचा थर आहे, त्याला आपटून त्या परत येतात. जेवढ्या उशिरा येतील तेवढा थर उंच. त्याची रेघ फिल्मवर उमटते, ती मी धुवायची आणि उंची पुण्याला कळवायची. नॉर्वेच्या पार टोकाला, बर्फात, असंच एक केंद्र आहे म्हणे. सूर्यावर वादळ झालं की आधी तिथलं आकाश हलतं, मग आपलं. म्हणून दोन्हीकडच्या रेघा ताडून पाहतात. म्हणजे तो बर्फातला गोरा आणि किन्हीराजा गावाच्या वाटेवरचा मी, एका पंगतीत!

रामसिंगला मी सोपं करून सांगितलं, यंत्र हाक मारतं आणि वरून येणारी ओ मोजतं. त्यानं विचारलं, मंग वरून ओ कोन देऊन राह्यलं? मी खूप हसलो. तो हसला नाही.

२७ जुलै

पावसाचा पत्ताच नाही. दुपारी माळावर उभं राहवत नाही. आज रामसिंगनं खांबाकडून बायकोला हाक मारली. ती अंगणातच होती, पण ढिम्म. दुसऱ्या हाकेलाही गप्प. तिसऱ्या हाकेला ‘ओ’ म्हणाली. मला वाटलं, नवराबायकोचं वाजलंय. तर इथली ती रीतच आहे. भर दुपारी माळावरून कोणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. “थे तीनदा हाक मारत नाही, साहेब,” कस्तुराबाई म्हणाली. थे म्हणजे कोण, ते मात्र सांगेना. आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेताना देवांबरोबर भुतांनाही निरोप दिला, असं मी ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, लय बरं केलं, पन पयल्या हाकेले ओ नोका देजा.

५ ऑगस्ट

साहेबांची तार आली. सूर्यावर मोठं वादळ झालंय, यंत्र अखंड चालू ठेवा. दिवसभर फिल्म काळीकुट्ट निघाली. संध्याकाळी रेघ परत दिसली, पण नेहमीच्या निम्म्या उंचीवर. वादळाचा परिणाम असणार.

८ ऑगस्ट

रेघ उतरतेच आहे. रोज दुपारी अजून खाली. आज ती विमानं उडतात तिथं आली. एवढ्या खाली कसला थर नसतो, असतात त्या घारी. व्हॉल्व बदलले, सगळे सांधे पुन्हा जोडले. यंत्रात खोट नाही. साहेबांना तार केली.

रामसिंगला यातलं काही कळू दिलेलं नाही.

१० ऑगस्ट

साहेबांचं उत्तर आलं. नॉर्वेच्या केंद्रातही रेघ अशीच उतरत गेली. मग ते केंद्र गप्प झालं. तारेलाही जवाब नाही. तुमचं यंत्र बंद करू नका.

कोणी मला सांगेल का, तिथल्या माणसांचं काय झालं? रेघ आता खांबाच्या टोकाशी आहे. बाहेर जाऊन वर पाहिलं. स्वच्छ ऊन, रिकाम्या तारा. तरी मान खाली घालूनच परत आलो. गंगूचं पत्र आलंय, रविवारी येतेय. येऊ नकोस अशी तार केली.

११ ऑगस्ट

रेघ शून्यावर आली आणि शून्याच्या अलीकडे गेली. म्हणजे यंत्रानं हाक मारायच्या आधी ओ येते. असं होऊच शकत नाही. मी स्वतः खटका पाडून लहर सोडणं बंद केलं. फिल्म तेवढी फिरू दिली.

रेघ तरीही उमटली.

१२ ऑगस्ट

लिहवत नाही, पण लिहितो. दुपारी रामसिंग माझ्याजवळ यंत्राच्या खोलीत बसला होता. अंगणातून कस्तुराबाईची ‘ओ’ ऐकू आली. कोणीही हाक मारली नव्हती. ती पदराला हात पुसत खांबांकडे चालू लागली. रामसिंग दारात धावला, तिला थांबवायला ओरडला. तोंड त्याचं उघडलं माझ्यासमोर, आणि आवाज आला तिकडून, खांबांखालून— “कस्तुरेऽ!”

ती त्या आवाजाकडे धावत गेली. खांबांच्या मधे पोचली, आणि मग तिथं कोणीच नव्हतं.

ओ तिनं आधीच दिली होती. हाक ही होती. तीनदा वाट पाहायला सवडच कुठली? रामसिंग बैलगाडी घेऊन शोधायला गेला, परत आलेला नाही.

१३ ऑगस्ट, सकाळ

दार वाजलं. दारात गंगू. तार पोचलीच नाही. कोणाच्या तरी गाडीतून आली, डोक्यावर ट्रंक, चेहरा घामानं डबडबलेला, आणि किती हसत होती! परतीची गाडी संध्याकाळी आहे. आताच निघू म्हणालो तर उन्हाकडे बोट दाखवून म्हणाली, आधी च्या तं करू द्या. चहा केला. आमच्या चुलीवरचा पहिला.

दुपार

गंगू ‘ओ’ म्हणाली.

चुलीपाशी बसल्या बसल्या, खांबांकडे बघून. मग मला विचारलं, काय म्हणता? मी काही म्हणालो नव्हतो.

दाराला कडी घातली. तोंडात रुमाल कोंबून वरून पंचा बांधला. मी हाक मारलीच नाही तर ती— हाक होणारच नाही. एवढंच हातात आहे.

ती आधी हसली. आता घाबरली आहे. “तुमी काहून बोलून नाही राह्यले?” वहीत लिहून दाखवतो तर वही ढकलते. मला वेड लागलंय असं तिला वाटतं. शेजारच्या बाईले बोलावते म्हणते— शेजारी कोणी नाही, गंगू, कोणी—

हाताला चावली. कडी काढली.

अंगणात. वही हातातच राहिली. धावतोय— ती पुढेच. कस्तुराबाईच्या दारावर थाप— मग वळली. खांबांकडे का? तिकडे का जातेस?

हात पोचत नाही. पाय— एकदा मागं बघ. नुसतं एकदा. एक हाक मारली तर थांबेल— नाही, मारायची नाही— तारांखाली पोचली— पंचा सुटला—

गं—