काचेला चिकटलेला चेहरा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज बाभुळगावला आले. बॅगेत दोन ड्रेस जास्तीचे आणि डोक्यात हवा जास्तीची, असं बाबांचं म्हणणं. नोकरीसाठी एकटी घराबाहेर पडलेली आमच्या तांड्यावरची मी पहिलीच मुलगी, त्यामुळे निरोपाला निम्मा तांडा जमला होता. फोटो दुरुस्त करायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे याडीला अजून कळलेलं नाही. आईची माया वेडी. शिलाई मशीन सोबत ने, अडीअडचणीला उपयोगी पडेल, असं ती शेवटपर्यंत सांगत होती.

राजकुमारदादांचा स्टुडिओ मेन रोडलाच आहे. दादा पन्नाशीचे, चष्मा कायम कपाळावर, आणि तोच कायम शोधत असतात. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि लग्नाचे अल्बम ही कामं त्यांची. जुने फोटो नवे करणं हे आता माझं. अमरावतीच्या कोर्समध्ये मी हेच शिकले. ओरखडे, डाग, वाळवीने खाल्लेले कोपरे एआयला दाखवायचे आणि तो भरून देतो. दादांनी मला एकच नियम सांगितला. जुना फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर तो सोडवायचा नाही, काचेवरूनच कॅमेऱ्याने घ्यायचा. मी मान डोलावली. कोर्समध्ये हे कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून मला ते जुन्या माणसांचं खूळ वाटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच फोटो झाले. कळंबच्या एका गुरुजींच्या वडिलांचा हात बुरशीने गेला होता. एआयने नवा हात दिला आणि वरून मनगटावर घड्याळही घातलं. मी ते पुसणार होते, पण गुरुजी नको म्हणाले. बाप जन्मभर घड्याळाविना राहिला, आता मेल्यावर तरी घालू द्या, म्हणाले. आम्ही सगळे हसलो. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आमची बबिता मेलेल्यांना तरुण करते. मलाही आता तसंच वाटायला लागलं आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज तुळसाबाई आल्या. जवळच्याच खेड्यातून ऑटोने, फ्रेम पदरात गुंडाळून. वय सत्तरीला आलेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा संघदीप तिकडे वणीजवळ राजूरला खाणीत कामाला आहे. त्याने इकडे गावात नवं घर बांधलं, तिथे लावायला हाच फोटो मोठा करून हवा आहे.

फोटो पस्तीस वर्षांपूर्वीचा. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेले असताना पडदा लावून बसलेल्या फोटोवाल्याकडून काढून घेतलेला. पडद्यावर रंगवलेलं विमान, विमानाच्या एका बाजूला तुळसाबाईंचे यजमान भीमराज, दुसऱ्या बाजूला त्या, आणि मधे नऊ वर्षांची गौतमी. पुढच्याच पावसाळ्यात गौतमी तापाने गेली. संघदीप नंतरचा, त्याने बहीण पाहिलीच नाही. भीमराजही आता नाहीत. गौतमीचा दुसरा फोटो नाही.

आजी म्हणाल्या, "मले आता काई दिसत नाई, पण फोटो हाये तं पोरगी हाये." शिबिरात डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. दिसायला लागलं की आधी तिलाच पाहणार, म्हणाल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काचेवर चमक येत होती. तीनदा फोटो घेतला आणि तिन्ही वेळा ट्यूबलाइट नेमकी गौतमीच्या तोंडावर. दादा जेवायला घरी गेले होते. मी फ्रेम पालथी घातली, खिळे काढले आणि फोटो सोलायला घेतला. भीमराज सुटले, तुळसाबाई सुटल्या. मधल्या भागाला बारीक चरचर आवाज झाला. कागदावर पांढरा डाग राहिला. गौतमीचा चेहरा काचेवर होता, भांड्याला साय चिकटून राहते तसा.

तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. काचेवरच्या चेहऱ्याचा फोटो काढता आला असता. पण मी घाबरले. पाण्याने सुटेल असं वाटून ओलं फडकं लावलं आणि चेहरा फडक्यावर आला, तपकिरी डाग होऊन. फडकं मी धुतलं.

मग एआयला लिहिलं, नऊ वर्षांची मुलगी, खेड्यातली. त्याने चार चेहरे दिले. तिसरा घेतला. तो फारच गुळगुळीत दिसत होता, म्हणून गालावर माझ्या हाताने तीन ओरखडे ओढले, कोणाला संशय येऊ नये म्हणून. ओरखडे पुसायला ठेवलेली मुलगी मी. दादांना सांगितलं, मूळ फोटोचा चुरा झाला. ते हळहळले, पण मला बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजी फोटो घेऊन गेल्या. तोंड काचेला लावून पाहिलं, बोटांनी चाचपलं, आणि मला विचारलं की गौतमीच आहे ना, नीट दिसते ना. मी हो म्हटलं. एवढंच, एक शब्द. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

जेवण गेलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते माझ्याच घशात कळलं.

१८ नोव्हेंबर

लग्नाचा जुना ग्रुप फोटो आला आहे, सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा. ओरखडे काढले. तिसऱ्या रांगेत एक मुलगी जास्तीची आली. तोच चेहरा. एआयला आधीचं आठवत असेल, असं म्हणून मी ती पुसली. पुन्हा उघडला तर दुसऱ्या रांगेत होती.

२० नोव्हेंबर

आज साधा पासपोर्ट फोटो काढला, एका बाईंचा. कॅमेऱ्याने काढला, एआय कुठेही नाही. बाईंच्या खांद्यामागे निळ्या पडद्यासमोर अर्धा चेहरा. गालावर तीन ओरखडे.

ते ओरखडे एआयचे नाहीत. ते माझ्या हातचे आहेत.

२२ नोव्हेंबर

दादांनी सहज विचारलं, "ते पोरगी कोणाची हाये वो? रोज दुपारी बाकावर येऊन बसून राह्यली. गालाले खरचटलं हाये तिच्या, काई लाव म्हणा."

मी बाकाकडे पाहिलं. मला कोणी दिसलं नाही. दादा मात्र तिकडे बघून मान हलवत होते, लहान पोरांना ओळख देतात तशी.

याडीला फोन केला. आवाज ऐकून तिने विचारलं, काय केलंस. काय झालं असं नाही विचारलं. मी काही नाही म्हटलं. हे तिसरं खोटं.

२७ नोव्हेंबर

आजी आल्या. ऑपरेशन झालं, काळा चष्मा लावलेला. मला वाटलं आता पकडले जाणार, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. पण त्या समोर बसून स्वतःलाच दोष देत राहिल्या. फोटो पाहिला, म्हणाल्या, आणि पोरगी ओळखू आली नाही. आई असून ओळखू आली नाही. म्हातारपणी डोकंच गेलं असेल.

पुढे म्हणाल्या, "मी डोये मिटले का पयले माही गौतमी दिसे. आता हेच दिसते, फोटोतली. दिवसाही येते, उंबऱ्यात उभी राह्यते. नाव इचारलं तं तिले आपलं नाव सांगता येत नाई."

म्हणजे मी फक्त कागदावरून पुसली नाही. आईच्या डोळ्यांतूनही पुसली. आणि तिच्या जागी कोणालातरी पाठवलं, ज्याचं कोणीच नाही.

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही, त्यांना चहा मागवला.

२९ नोव्हेंबर

सांगितलं. त्यांच्या घरी जाऊन, फोटोखाली बसून, फडक्यासकट सगळं सांगितलं. मला शिव्या हव्या होत्या. आजींनी चष्मा काढून पदराने पुसला. मग विचारलं, "पुसलं तवा तिले लागलं असन का?"

मी रडले. त्या रडल्या नाहीत. भिंतीकडे बघत होत्या, म्हणून मीही वर पाहिलं. विमान होतं, भीमराज होते, त्या होत्या. मधे फ्रॉकच्या वर पांढरा डाग. आम्ही दोघी बसलो असताना तो चेहरा गेला होता.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "तुनं तं पाह्यलं ना तिले, काचेतून. तुहे डोये चांगले. मंग सांग, कशी होती माही गौतमी."

तिला शेवटचं पाहिलेलं माणूस मीच आहे.

३० नोव्हेंबर

काल या वहीतली पानं उलटून पाहिली. विमान लिहिलं आहे. पडदा लिहिला आहे. तिच्या चेहऱ्याबद्दल एक ओळ नाही.

ओरखडे आठवतात. एक कपाळावरून उभा, एक नाकाशेजारी, हनुवटीवर बुरशीचे ठिपके. फ्रॉकची लेस आठवते. चेहऱ्यावरून माझी नजर फक्त ओरखडे मोजत गेली. मी तिला पाहिलंच नाही.

हे आजींना कसं सांगू — आणखी हेही —

१ डिसेंबर

आजी ऑटोने आल्या. बाकावर बसल्या. आज मला ती दिसली, त्यांच्या शेजारी, पाय हलवत. फ्रॉक, लेस, दोन वेण्या. वेण्यांच्या मधे पांढरं. कोऱ्या कागदासारखं पांढरं. त्यावर फक्त माझे तीन ओरखडे.

ती माझ्याकडे तोंड करून बसली आहे. तोंड नाही, तरी कळतं.

दादा म्हणाले, आज पोरीचा चेहरा उन्हामुळे नीट दिसत नाही.

२ डिसेंबर

आजी म्हणाल्या, सांगता येत नाही तर लिही. मी याच वहीत लिहिलं, नाक थोडं बसकं. अंदाजाने. वर पाहिलं —

नाक होतं. थोडं बसकं.

आजींनी त्यावरून बोट फिरवलं. असन, म्हणाल्या. असंच असन. आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं — मी पुढचं लिहिलं नाही. पळत मागच्या खोलीत —

मी काहीही लिहिलं तरी त्या मानतील. तीच गौतमी होईल. खरी मग कुठेच —

३ डिसेंबर

दुपार. दादा बँकेत. दोघी समोर.

ओठ लिहिले. नको होतं लिहायला. पण ती वाकून वाट पाहत होती, आणि आजी — ओठ आल्याबरोबर तिने माय म्हटलं. आजींनी तिला जवळ घेतलं. पस्तीस वर्षांनी. मी हे कसं मोडू —

खरं लिहायचं, मला आठवत नाही. एवढंच लिहायचं. मग ती जाईल, आजी पुन्हा एकट्या, आणि गौतमी निदान खोटी तरी होणार नाही — पेन चालत नाही. तिने आजीचा हात धरला आहे, घट्ट.

आजी विचारतात, डोये कसे होते. पुन्हा विचारतात. हसून विचारतात.

मला आठवत नाही. आजी, मला —

डोळे. गौतमीचे डोळे