छत्तीसच्या रिळात एक्केचाळीस

१६ फेब्रुवारी, रविवार
जहीरभाईंच्या स्टुडिओतून (आता तिथे झेरॉक्सच जास्त चालतं) जुना रिळाचा कॅमेरा घेतला. चांगला वजनदार. दिव्यानीच्या, म्हणजे धाकट्या बहिणीच्या साक्षगंधाचे (साखरपुड्याचे) फोटो मीच काढणार. मोबाईलचे फोटो म्हणजे कचरा. जहीरभाई म्हणाले, रीळ भरल्यावर डावीकडची चावी फिरून राह्यली का पाहात जा, लोकेशभाऊ. दुकानदार लोक उगाच बोलतात.

२० फेब्रुवारी, सकाळी ६
ब्लॅक अँड व्हाइट रीळ भरलं. छत्तीस फोटो. एकही वाया घालवायचा नाही. डावी चावी ढिम्म हलत नाही. मशीन टाइट आहे.

सकाळी ७
चहात लक्ष नाही, पेपरात नाही. नीलाआत्याच्या चुलीचे तीन काढले. सराव हवाच.

२३ फेब्रुवारी
सिंदेवाहीच्या रस्त्यावर एसटीच्या थांब्यावर वाघाची वाट पाहिली. पाच तास. आला. मी लाइट ठरवेपर्यंत गेला. झुडपाचा फोटो मात्र जबरदस्त असणार.

१ मार्च
उद्या साक्षगंध. दिव्यानी म्हणाली, भाऊ, दोन तरी मोबाईलवर काढू दे ना, मले भेव वाटते, अन् माहा हिरवा शालूही दिसणार नाई. रंग ही हलकी गोष्ट आहे, हे तिला समजावलं. ती शालूची घडी घालून आत गेली. पटलं असावं.

२ मार्च, रविवार
मंडपाच्या दारातच सगळ्यांचे मोबाईल दुरडीत जमा केले. नवरदेव मिथुनचासुद्धा. अंगठी घालताना मी अगदी समोर. पाहुणे मागून ओरडत होते, भाऊ सरका ना, काई दिसून नाई राह्यलं. सरकलो नाही. कलेला विरोध होतोच.

संध्याकाळी
छत्तीसच्या रिळात एक्केचाळीस झाले, तरी रीळ संपेना. जुन्या कंपन्या दिलदार होत्या.

३ मार्च
ऑफिसला दांडी. जहीरभाई डार्करूममध्ये, मी बाहेर. अकरा वेळा दार वाजवलं. प्रदर्शन गडचिरोलीत की थेट नागपुरात?

दुपारी
ओली फिल्म त्यांनी उजेडात धरली. कोरी. हळूच म्हणाले, रीळ आत अडकलंच नव्हतं भाऊ, जागचं हाललं नाई, म्हणून चावीही फिरली नसन. केमिकल जुनं असेल, मी म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

५ मार्च
दिव्यानीला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, जाऊ दे भाऊ, लग्नात तू जेवण वाढायले राह्य.

नीलाआत्याने पदराआड मोबाईल लपवला होता. साक्षगंधाचा तेवढा एकच फोटो आहे. त्यात माझी पाठ, आणि पाठीच्या बाजूने दिव्यानीचा अंगठी घातलेला हात. दिव्यानीने तोच डीपी ठेवलाय. पाहून मला रडू आलं.

फोकस चांगला आहे.